शनिवारकाकांना द्यायचा कागद

शनिवारी कुणी कितीही घाईने आलं तरी शनिवारकाका रोप विकत नसत. मंचरहून टेम्पो घेऊन आलेला माणूस असो की आळ्याहून मोटारसायकलवर आलेला जुना ओळखीचा शेतकरी, काका त्याला आंब्याखालच्या बाकावर बसवत, माठातलं पाणी देत, जमीन काळी आहे की मुरमाड, विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहतं, अशी सगळी चौकशी करत. कोणतं झाड लावावं हेही सांगत. आणि मग म्हणत, "उद्या सकाळी सहाला ये. आज झाडांना सुट्टी आहे." माणूस वैतागे. दहा पावलांवर ठेवलेली कलमं उचलून टेम्पोत टाकायची, त्याला कसली आली सुट्टी? पण काका पांढरा शर्ट घालून, गुळगुळीत दाढी करून इतके स्वस्थ बसलेले असत की भांडायला उठलेला माणूसही थोड्या वेळाने बाकावर मागे रेलून बसे.

महाळुंगे पडवळच्या शिवारात, गावापासून जरा बाजूला, त्यांची रोपवाटिका होती. आंबा, सीताफळ, पेरू, चिकू. गावाने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं की हा माणूस शनीचा मोठा भक्त आहे. साडेसाती लागलेली माणसं त्यांच्याकडे उपाय विचारायला येत. काका त्यांना हसत नसत. "तुझी किती राहिली? अडीच वर्षं? मग पेरू लाव. साडेसाती संपेपर्यंत फळ हातात येईल," असं सांगून रविवारी रोप न्यायला बोलवत. एका म्हाताऱ्या बाईंनी तर त्यांच्या उंबऱ्यावर तेलाची वाटी आणून ठेवली होती. ते तेल काकांनी शुक्रवारी संध्याकाळी दिव्यात घातलं आणि बाईंना तसा निरोपही धाडला.

काका यहूदी होते. बेने इस्राएल. मूळ अलिबागकडच्या एका खेड्यातले. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. "घाणा गेला, तेल गेलं, शनिवार तेवढा राहिला," काका म्हणत. तरुणपणी फळझाडांच्या कामासाठी म्हणून ते घाटावर आले आणि इथलेच झाले. मुलगी लग्न होऊन इस्राएलला गेली. बायको, साराकाकू, माझी इथल्या शाळेत बदली होण्याच्या आदल्या वर्षी वारल्या. त्यांना पुण्याच्या यहूदी दफनभूमीत पुरलं होतं आणि त्यांच्या शेजारची जागा काकांनी स्वतःसाठी सांगून ठेवली होती. शंभर मैलांत त्यांच्या धर्माचं दुसरं घर असेल तर ते पुण्यात, असं काका म्हणत. मैलांचा हिशेब त्यांचा जरा सैल होता.

मटणाचं तर फारच गमतीचं होतं. त्यांच्या रीतीप्रमाणे कापल्याशिवाय ते मटण खात नसत आणि तसं कापणारा माणूस या भागात मिळण्याची शक्यता नव्हती. म्हणून चाळीस वर्षं काका भाजी-भाकरीवर होते. गावातल्या सप्त्यात त्यांना माळकऱ्यांच्या पंगतीत मानाने बसवत. शेजारचे बाळूभाऊ एकदा त्यांना म्हणाले, "काका, तुमी आमच्यापेक्षा लई कडक हायेत राव. आमी माळ घालून बी चोरून खातो." काका म्हणाले, "तुझा विठोबा जवळ उभा आहे, समजूत काढता येते. माझा दिसतच नाही, त्याला फसवायचं कसं?"

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण ज्याची लाज वाटते ते सगळं तिथूनच सुरू होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आमचं घराणं पणजोबांपासून ख्रिस्ती. तालुक्यातली आमची मंडळी, म्हणजे चर्च, लहान; पाळक, आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा येत, बाकीच्या रविवारी उपदेश मी करत असे. बोलण्याची मला हौस आणि बोलणं मला जमतं, हे मला फार लवकर कळलं होतं. जे स्वतःला कळू नये ते नेमकं कळलं की माणूस बिघडतो, तसा मी बिघडलो होतो. काका यहूदी आहेत हे कळलं त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो कसला होता हे लिहिताना आज हात अडखळतो. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आलेल्या ज्या लोकांबद्दल मी वर्षानुवर्षं बोलत होतो, ज्यांनी ख्रिस्ताला नाकारलं, ज्यांची मनं कठीण झाली, त्यातला एक जिवंत माणूस माझ्या शाळेपासून दीड किलोमीटरवर कलमं बांधत होता. मला वाटलं, हा देवाने माझ्यासाठीच इथे ठेवला आहे. इतर उपदेशक परराष्ट्रीयांना, म्हणजे यहूदी नसलेल्यांना, प्रभूकडे आणतात. मी यहूद्याला आणणार.

काकांना हे पहिल्याच भेटीत कळलं असणार. त्यांनी मला कलमं बांधायच्या मांडवात समोर बसवलं आणि म्हणाले, "तू बोल. माझे हात मोकळे नाहीत, पण कान आहेत." मी तासभर बोललो. ते एका हातात रायवळ आंब्याचं कोवळं रोप धरून, दुसऱ्या हाताने त्याचा शेंडा छाटून, मधोमध चीर देत होते. मग चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. माझं बोलणं संपेपर्यंत तीसेक कलमं झाली होती. काका म्हणाले, "छान बोलतोस. शाळेत मुलं गप्प बसत असतील." येताना त्यांनी मला एक सीताफळाचं रोप दिलं. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, मन मऊ होतंय त्यांचं. बायको म्हणाली, "तुमचं बोलणं संपावं म्हणून दिलं असेल रोप."

त्यांच्या चेष्टेत विष नसे. नाताळला ते आमच्या घरी फराळाला आले तेव्हा गव्हाणीतल्या बाळ येशूचा देखावा बघून म्हणाले, "बाळ छान आहे. पण आठव्या दिवशी याची सुंता झाली, हे तुम्ही कुणी सांगत नाही. सुंतेच्या दिवशी आमच्यात जेवण असतं, त्याला आम्हाला बोलवा की." माझी मुलं खो खो हसली. मी हसलो नाही. मला वाटलं, विषय टाळतायत.

एकदा मी त्यांना बायबलमधल्या पौलाच्या पत्रातला जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, झाडाचा दाखला सांगितला. हा तर कलमाचाच दाखला, माझ्या खास तयारीचा. यहूदी म्हणजे चांगल्या झाडाच्या फांद्या. अविश्वासामुळे त्या तोडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी आम्हा परराष्ट्रीयांची, रानजैतुनाची, कलमं बांधली गेली. काकांचा चाकू थांबला. "उलटं बांधलंय," ते म्हणाले.

"काय?"

"खालचा खुंट रानटी घ्यायचा आणि वरची काडी चांगल्या जातीची. मी रायवळावर चांगला आंबा बांधतो, तेव्हा चांगलं फळ येतं. हा चांगल्या झाडावर रानातली काडी बांधतोय. अशा झाडाला फळ रानटीच येणार. तुझ्या पौलाने कधी कलम बांधलेलं दिसत नाही."

मी म्हणालो, पौलाला ते माहीत होतं, हे निसर्गाच्या उलट आहे असं तो स्वतःच म्हणतो. काका एकदम खूश झाले. "अस्सं? मग माणूस जाणता होता. पुढे काय म्हणतो? वाच." मला पुढचं वाचायचं नव्हतं, पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. पुढे त्या बांधलेल्या फांदीला ताकीद आहे, की तोडलेल्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नकोस, मूळ तुझ्यावर उभं नाही, तू मुळावर उभी आहेस. आणि त्यांनी नाकारलं म्हणून तर परराष्ट्रीयांना तारण मिळालं, असंही त्याच पानावर आहे. मी घाईघाईने वाचलं.

काकांनी चाकू बाजूला ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही नको म्हटलं म्हणून तुमच्या पणज्यापर्यंत पोचलं. मग आमचे आभार मानायला हवेत, राव. हे रविवारी वाचत नाहीस का?" मी वाचत नव्हतो. त्या भागावर मी निदान पाच वेळा उपदेश केला असेल, दर वेळी तोडलेल्या फांद्यांपाशी येऊन थांबत असे.

अविश्वास हा शब्द मात्र त्यांना लागे. एवढ्या एकाच शब्दावर मी त्यांना चिडलेलं पाहिलं. "विश्वास नाही म्हणतोस? माझा बाप कर्जत बाजूच्या जंगलात कामाला होता, एकटा, तरी शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायचा. सारा तापाने फणफणलेली असताना उपास धरायची. तुझ्यासारखा विश्वास नाही, एवढंच म्हण. मग मी हो म्हणेन." मी हो म्हटलं आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये पुन्हा तोच शब्द वापरला.

त्यांना मोतीबिंदू झाला आणि ऑपरेशनपर्यंत वाचणं बंद पडलं. शनिवारी माझी शाळा सकाळची; दुपारी मी त्यांच्याकडे जाऊन मराठी शास्त्रातला जुना करार, जो त्यांचाही ग्रंथ, वाचून दाखवू लागलो. त्यांनीच तसं विचारलं होतं, अगदी संकोचत. त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दुपारी होत्या, हे आता कळतं. ते डोळे मिटून ऐकत. कुठे माझा उच्चार चुकला तर हलकेच बोट वर करत. आम्ही एकमेकांना काहीही पटवत नव्हतो.

अशाच एका शनिवारी मी डोंगरांकडे डोळे लावणाऱ्या माणसाचं स्तोत्र वाचलं. साधं, छोटं स्तोत्र. वाचून मान वर केली तर काकांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. त्यांनी ते पुसलंही नाही. म्हणाले, "सारा रोज म्हणायची हे. ओसरीवर उभी राहून, त्या डोंगरांकडे बघून. शेवटच्या दिवशी आवाज नव्हता, ओठ हलवत होती. मी तिच्यासाठी मोठ्याने म्हटलं." मी शास्त्र मिटलं. घरी आलो. आणि त्या संध्याकाळी मी जे ऐकलं होतं ते माझ्या मनात हळूहळू बदलू लागलं. यहूदी माणूस देवाचं वचन ऐकून रडला, एवढंच उरलं.

त्या वर्षी आळेफाट्याजवळ एका मंगल कार्यालयात तीन दिवसांच्या सभा होत्या. मोठ्या शहरातले एक प्रचारक आले होते. त्यांना ऐकायला दोन तालुक्यांतून माणसं आली. मला साक्ष द्यायला, म्हणजे श्रद्धेचा स्वतःचा अनुभव सांगायला, पंधरा मिनिटं दिली. समोर एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. मी काकांची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, पण गाव सांगितलं, रोपवाटिका सांगितली. म्हणालो, कठीण झालेलं यहूदी हृदय माझ्या डोळ्यांसमोर वितळलं, प्रभूच्या नावाने ते रडले. प्रभूच्या नावाने! तिथे ते नाव कुणी काढलंच नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहीजण रडले. मीही रडलो, आणि रडताना मला ते सगळं खरं वाटत होतं.

प्रचारक म्हणाले, उद्या आपण त्यांच्या घरी जाऊ, त्यांच्यासाठी प्रार्थना करू. मी म्हणालो, उद्या ते नक्की घरीच असतील. ते घरी असतील हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांचा दारफाळणीचा सण होता. वर्षातला त्यांचा सगळ्यात मोठा उपास. आदल्या संध्याकाळपासून पोटात पाणीही नाही, अंगावर पांढरे कपडे, दारं लावून घ्यायची आणि दिवसभर देवापुढे आपल्या चुका मांडायच्या. त्या दिवशी ते कुणाला भेटत नाहीत, कुणाला शिवत नाहीत. काकांनी स्वतः मला आठवड्यापूर्वी सांगितलं होतं, "पुढच्या शनिवारी येऊ नकोस, त्यानंतर ये. मला माफी मागायची आहे, वेळ लागतो." मी विसरलो नव्हतो. मी ती सोय म्हणून वापरली.

आम्ही पंधरा-वीसजण गेलो. पेटी होती, ढोलकी होती, तीन-चार मोबाइल वर धरलेले होते. दार बंद होतं. अंगणात उभं राहून आम्ही गाणी म्हटली. प्रचारकांनी बंद दारावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली, हे दार उघड म्हणून. आतून काही आवाज नाही. मला माहीत होतं, ते दाराच्या पलीकडे उभे असणार किंवा बसलेले असणार, वयाच्या पंचाहत्तरीला दिवसभराच्या उपाशीपोटी, आणि प्रत्येक शब्द त्यांना ऐकू जात असणार.

बाळूभाऊ बांधावरून धावत आले. "मास्तर, बंद करा हे. आज त्यांचं दार लावायचं असतं, तुमाला ठाव न्हाई व्हय? आमी गावंढळ माणसं, तरी आज सकाळपासून मी ट्रॅक्टर काढला न्हाई. घरात टीव्ही लावून दिला न्हाई. धा वर्षं झाली, त्यांनी कधी सांगितलं नाय, आमचं आमीच बंद ठेवतो." प्रचारक त्यांच्याकडे बघून प्रेमळ हसले. मी बाळूभाऊंच्या नजरेला नजर दिली नाही. आम्ही अजून एक गाणं म्हटलं आणि मग निघालो.

तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशीपासून मोबाइलवर फिरू लागला. माझी साक्ष, मग बंद दारापुढची प्रार्थना, आणि खाली लिहिलेलं, यहूदी बांधवाने प्रभूचा स्वीकार केला. ते मी लिहिलं नव्हतं. पण बोलणारा मीच होतो आणि खालची ओळ वाचून मी कुणालाही फोन केला नाही.

चार दिवसांनी काकांनी मला बोलावलं. मी तोंड पाडून गेलो. ते मांडवात बसले होते, कलमं बांधत नव्हते. म्हणाले, "पुण्याहून फोन आला होता. ज्यांच्या हाती तिथली प्रार्थना आहे ते गृहस्थ विचारत होते, तू धर्म सोडलास का. सोडला असशील तर साराशेजारची जागा तुझी नाही. मी सांगितलं, नाही सोडला. ते म्हणाले, मग तू रडलास ते काय?" मग ते म्हणाले, "मी काय सांगू त्यांना? म्हाताऱ्याने बायकोसाठी रडलो म्हणून शपथ घ्यायची का? तू एक कागद लिहून दे. झालं ते असं असं झालं, त्यात हे हे खरं नव्हतं. खाली सही कर. मी पाठवतो."

"देतो," मी म्हणालो.

त्याच दिवशी लिहायला बसलो. पहिल्या ओळीत 'गैरसमज' असा शब्द आला. तो खोडला. त्याऐवजी 'उत्साहाच्या भरात' असं आलं. तेही खोडलं. खरा शब्द सोपा होता, मी खोटं बोललो, पण तो कागदावर उतरवला की पुण्याला जाणार, तिथून परत इथे येणार, मंडळीला कळणार, पुढच्या सभेत मला कोण बोलवणार? पाळकांना विचारलं तर ते म्हणाले, कशाला घाई, कदाचित त्यांचं मन खरोखरच वळेल, मग कागदाची गरजच नाही. मला तेच ऐकायचं होतं. मग शाळेची तपासणी आली, मग परीक्षा, मग मुलीचा अकरावीचा प्रवेश. कागद वहीत तसाच राहिला.

काकांनी दोनदा आठवण करून दिली. दुसऱ्यांदा म्हणाले, "तुला जड जातंय का? मी सांगतो तसं लिही, तू फक्त सही कर." मी म्हणालो, नाही नाही, या आठवड्यात नक्की. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा ते म्हणाले, "या मास्तर, बसा." इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी पहिल्या दिवसापासून त्यांचा 'तू' होतो. माठातलं पाणी दिलं, मुलांची चौकशी केली, सगळं नेहमीसारखं. वाचून दाखवू का विचारलं तर म्हणाले, "ऑपरेशन झालंय आता, दिसतं मला. तुम्हाला कशाला त्रास." मी रस्त्यावर येऊन मोटारसायकल सुरू करायची सोडून नुसता उभा राहिलो. त्यानंतर साडेतीन वर्षं ते मला 'तुम्ही' म्हणत राहिले, आणि साडेतीन वर्षांत मला एक कागद लिहायला सवड झाली नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी बाळूभाऊंचा फोन आला. "काका गेलं. मांडवातच. चाकू हातात व्हता." इस्राएलला काकांच्या मुलीला कळवलं, तिला येणं शक्य नव्हतं. ठाण्याहून काकांचा पुतण्या परस्पर पुण्याला येणार होता. अँब्युलन्समधून बाळूभाऊ आणि मी काकांना घेऊन गेलो. मंचरच्या बाजारामुळे रस्ता तुंबला होता, कांद्याच्या गाड्यांच्या रांगेत आम्ही पाऊण तास उभे होतो.  मी मनात म्हणत होतो, साराकाकूंच्या शेजारी जागा मिळाली म्हणजे झालं.

पुण्याला पोचलो तेव्हा जागा मिळाली होती. पुतण्याने तिथल्या मंडळींना शपथेवर सांगितलं होतं की काका शेवटपर्यंत यहूदीच होते. खड्डा तयार होता. पण काम पुढे सरकत नव्हतं. काद्दीश म्हणून त्यांची एक प्रार्थना असते, मेलेल्यासाठी म्हणतात ती. ती म्हणायला दहा पुरुष लागतात. पुतण्या पुन्हा पुन्हा मोजत होता. नऊ होते.

बाळूभाऊ म्हणाले, "मी हाये, हे हायेत. अकरा झालं की."

"तसं चालत नाही भाऊ," पुतण्या नरमाईने म्हणाला. "आमच्यातलेच दहा लागतात. दहावे इथेच जवळ राहतात. ज्यांनी आयुष्यभर इथली प्रार्थना चालवली ते. पण ते येणार नाही म्हणतात. पुरायला हरकत घेणार नाही, पण प्रार्थनेला उभा राहणार नाही, म्हणाले. तिकडचा कुणी मास्तर आहे म्हणे, त्याने व्हिडिओ केला होता, काका येशूच्या नावाने रडले म्हणून. ते अजून त्यांच्या मनात आहे. काकांनी कागद आणून देतो सांगितलं होतं, तो कधी आलाच नाही." मग त्याने मला विचारलं, "तुम्ही तिकडचेच ना? ओळखता त्या मास्तरला?"

बाळूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते जमिनीकडे बघत राहिले. मी म्हणालो, "तो मीच."

 पुतण्याने त्या दहाव्या गृहस्थांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडून एक थकलेला आवाज आला. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि म्हणालो, मी खोटं बोललो होतो. साडेतीन वर्षं जे वाक्य कागदावर उतरत नव्हतं ते चार शब्दांत संपलं.  मग ते म्हणाले, "तो जिवंत असताना सांगायचं होतंत." आणि फोन ठेवला.

वीस मिनिटांनी ते रिक्षातून आले. नव्वदीला टेकलेले असावेत. एका माणसाच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू चालत खड्ड्यापाशी आले. मी कोण हे त्यांना कुणी सांगितलं नाही, त्यांनी ओळखलं. मी खिशातून पेन काढलं, म्हणालो, आता लिहून देतो, इथेच. त्यांनी मान हलवली. "आता कुणाला वाचून दाखवू? तोंडाने सांगा. तो कशासाठी रडला होता?"

"बायकोसाठी," मी म्हणालो. "साराकाकूंसाठी."

"मोठ्याने सांगा. माझ्यासारखे बहिरे आहेत इथे."

मी मोठ्याने सांगितलं. माझा आवाज चांगला आहे, सभेत शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. तिथेही पोचला. ते नऊजणांकडे वळले आणि म्हणाले, "ऐकलंत? सारासाठी रडला होता." मग खड्ड्याच्या कडेला जाऊन, वाकून, पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या काकांनाही तेच सांगितलं, कुणी झोपलेल्या माणसाला निरोप सांगावा तसं.

त्यानंतर त्या दहाजणांनी प्रार्थना सुरू केली. मी बाळूभाऊंच्या मागे जाऊन उभा राहिलो.